लेकराच्या उशाशी



ज्या शिक्षकाच्या स्मृत्यर्थ आपण दर वर्षी येथे एकत्र येता, त्यांच्या हाताखाली माझ्या नोकरीची पहिली अकरा वर्षे गेली, आणि शिक्षकाचा पेशा म्हणजे काय, हे जे मला कोणत्याही प्रशिक्षण विद्यालयाने शिकविले नाही, ते त्यांच्या हजेरीपटाने शिकविले. गैरहजर मुलाच्या नावापुढे खूण करून गुरुजी थांबत नसत. त्या इवल्याशा चौकटीत पेन्सिलीने, मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरात, ते कारण लिहीत. 'ताप', 'हळद काढणी', 'बहीण झाली', 'वही नाही' अशी ती कारणे असत, आणि तपासणीस आलेले साहेब त्याबद्दल नापसंतीही दर्शवीत, कारण सरकारी दप्तरात पेन्सिलीला मुभा नसते. परंतु ज्या दिवशी एखाद्या चौकटीत 'कळत नाही' असे दोन शब्द पडत, त्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजी सायकल काढीत आणि त्या मुलाच्या घरी जात. आजचा विषय माझ्या आयुष्यात अशाच एका चौकटीतून आला. मनाने आजारी झालेल्या मुलाला रुग्णालयात ठेवण्याची वेळ आली असता घराने, गावाने आणि सरकारने त्याच्याशी कसे वागावे, हा तो विषय होय.

हा विषय सभामंचावर आणावा की नाही, असा संकोच मला काही काळ पडला होता. परंतु वसमत तालुक्यातील कुरुंदा हे ज्यांचे गाव, त्या नरहर कुरुंदकरांनी आयुष्यभर व्याख्यानातून लोकशिक्षण केले, आणि जे बोलण्यास समाज कचरतो तेच समाजासमोर मांडावे, हा धडा आपल्या भागाला घालून दिला. त्यांच्या मुलुखात उभा राहून मी संकोच करणे शोभले नसते.

सन १९९९ हे ते वर्ष. त्या वर्षीच्या १ मे रोजी परभणीपासून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. नव्या कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागत होत्या आणि लोकांच्या मनात उमेद होती. आमच्या शाळेत सहावीला एक मुलगा होता. त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव मी सांगणार नाही. त्या पावसाळ्यात कर्जापायी त्याच्या वडिलांनी आपल्याच शेतात आयुष्य संपविले, आणि पहाटे त्यांना शोधावयास गेलेल्या माणसांच्या पुढे धावत गेलेले हे लेकरूच त्यांच्यापाशी सर्वांत आधी पोहोचले. चौकशी झाली, पंचनामा झाला, नातेवाईक आले नि गेले. विधवा आईकडे सगळ्यांचे लक्ष होते, आणि कोपऱ्यात बसलेल्या मुलाकडे कोणाचेच नव्हते. तो प्रथम कमी बोलू लागला, मग अजिबात बोलेनासा झाला. पुढे जेवण सुटले, आणि रात्री उठून तो शेताकडे चालू लागला. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा त्याच्या चौकटीत गुरुजींनी ते दोन शब्द लिहिले.

आपल्याकडे एक समजूत फार खोलवर रुजलेली आहे: 'लेकराला कसलं आलंय टेन्शन?' दुःख, निराशा, भय, भ्रम हे सारे मोठ्यांचे धन. मूल म्हणजे खेळणारे, रडणारे आणि रडून विसरणारे. वस्तुस्थिती अशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने वारंवार सांगितले आहे की मनोविकारांपैकी सुमारे निम्म्यांचा आरंभ वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आत होतो. आणि २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयातील सुमारे ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठ मुलांच्या वर्गात असे चार असतात, हा त्या आकड्याचा अर्थ. माझ्या सेवेच्या काळात असे कितीतरी वर्ग माझ्यासमोरून गेले, आणि त्यांतील फारच थोडी मुले मी ओळखली. हे मी आज जाहीरपणे कबूल करतो.

गावाचे निदान मात्र तयार होते: भानामती. मराठवाड्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एखादी पोर अकस्मात किंचाळू लागली, एखाद्याची वाचा बसली, की कोणीतरी काहीतरी 'केलेले' असते, आणि त्यावर अंगारे, गंडे, नवस यांचा क्रम सुरू होतो. त्या माउलीने तो सारा क्रम केला. एका ठिकाणी मुलाला तीन रात्री खांबाला बांधून ठेवले होते. त्याच्या घोट्यावरचा वळ मी पाहिला आहे. मी तिला दोष देत नाही, कारण तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुःखाचे कारण सांगणारा तेवढा एकच माणूस होता, आणि आपण शिकलेल्यांनी तिला दुसरा माणूस दाखविलेला नव्हता. अशा बांधण्या-मारण्याला आणि माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडविण्याला प्रतिबंध करणारा कायदा आपल्या राज्यात पुढे २०१३ मध्ये झाला, आणि त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना अनेक वर्षे झगडावे लागले. तो कायदा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

गुरुजींनी त्या मायलेकरांना आधी सरकारी दवाखान्यात आणि तेथील सल्ल्यावरून एका दूरच्या शहरातील मोठ्या रुग्णालयात नेले. मी सोबत होतो. फाल्गुनाचे दिवस होते. गावोगाव हळद शिजवण्याच्या कढया चढलेल्या, आणि मजुरीवरून थेट गाडीला आलेल्या त्या बाईचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. कागदावर तिने अंगठा दिला, तेव्हा शाईच्या कडेला पिवळी किनार उमटली. नातेवाइकाला वॉर्डात राहता येणार नाही, असे तेथे सांगण्यात आले. मुलांचा निराळा विभाग नव्हता, म्हणून बारा वर्षांच्या त्या मुलाची रवानगी प्रौढ पुरुषांच्या विभागात झाली. नियमाप्रमाणे अंगावरचे कपडे, करदोटा, खिशातल्या वस्तू काढून पिशवीत घालण्यात आल्या. मुठीत एक हळकुंड होते. ते तो सोडीना. मूठ उघडताना त्याने झटापट केली, हाताला चावला. आणि त्याच्या केसपेपरवर पहिला शेरा पडला तो 'आक्रमक' असा. सुई टोचून त्याला निजविण्यात आले, आणि आम्ही त्या बाईला घेऊन रात्रीच्या गाडीने परत निघालो. त्या रात्री ती रडली नाही. फक्त मधूनमधून आपले तळहात नाकाशी नेऊन ती हुंगत होती.

आठवड्याने गुरुजी पुन्हा गेले. फाटकापाशी एक परिचारिका त्यांच्या मागोमाग आली आणि अपराध कबूल करावा तशा स्वरात म्हणाली, "गुरुजी, मी एक नियम मोडलाय." पहिल्या दोन रात्री ते मूल डोळे मिटीत नव्हते, औषधाची गुंगी उतरली की उठून बसे आणि मूठ उघडून पाही. तिसऱ्या रात्री तिने पिशवीतून ते हळकुंड काढून त्याच्या हातात ठेवले. तो निजला. कारण तिला ठाऊक नव्हते. कारण गुरुजींनी सांगितले. मग ते दोघे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर भले गृहस्थ होते. शेकडो रुग्णांच्या गर्दीत त्यांना त्या मुलाची हकिकत पुरती ऐकावयास सवडच मिळाली नव्हती. ती त्यांनी त्या दिवशी ऐकली, आईला बोलावून घेतले, मुलाची खाट एका लहान खोलीत हलविली आणि खाटेशेजारी जमिनीवर तिच्यासाठी सतरंजी घालण्याची तजवीज केली. पुढे पाचसहा आठवड्यांनी त्याची वाचा परतली. त्याचे पहिले वाक्य बापाविषयी नव्हते, देवाविषयी नव्हते. "माय, आपली हळद निघाली का?" असे त्याने विचारले.

श्रोतेहो, या हकिकतीचा विपर्यास होऊ नये म्हणून मी दोन गोष्टी स्पष्ट करतो. औषधांनी त्याला बरे केले नाही, प्रेमाने केले, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. औषधे लागली, ती त्याने पुढे दोन वर्षे घेतली, आणि ती बंद करण्याचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांना गुरुजींनी दारातून परत पाठविले. त्याचप्रमाणे रुग्णालय म्हणजे क्रूर लोकांचे ठिकाण, असेही मला सुचवावयाचे नाही. तेथे ती परिचारिका होती आणि ते डॉक्टर होते. मला सांगावयाचे आहे ते एवढेच, की आजारी मुलाला त्याच्या माणसापासून तोडणे हा उपचाराचा भाग नव्हे, ती उपचारातली उणीव होय. आणि त्याच्या उशाशी त्याचे माणूस असणे ही सवलत नसून चिकित्साच आहे.

रुग्णालयाचे हे अंतर आपल्या वाट्याला इतके मोठे का आले, याचाही थोडा इतिहास आहे. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणजे नागपूरचे १८६४ मधले, रत्नागिरीचे १८८६ मधले, ठाण्याचे १९०१ मधले, आणि पुण्याजवळ येरवड्याचे. चारही इंग्रजी अमलातली आणि चारही मराठवाड्याच्या हद्दीबाहेर. आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या राज्याचे मनोरुग्णालय आपल्याच मराठवाड्यात, जालन्यास होते, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. १९५३ साली ते तेथून हैदराबादेस, एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. आणि अवघ्या तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. माणसे इकडे आली, दवाखाना तिकडे राहिला. जालन्यास नवे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचे शासनाने अलीकडे ठरविले आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु मधली कित्येक दशके मराठवाड्यातील प्रत्येक आईने तो प्रवास स्वतःच्या पायांनी केला आहे.

दृष्टी मात्र महाराष्ट्राला फार पूर्वी आली होती. मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र, म्हणजे चाइल्ड गायडन्स क्लिनिक, सुरू केले. मुलाचे मन तपासावयाचे तर त्याचे घर, त्याची शाळा, त्याची गल्ली तपासली पाहिजे, आणि त्यासाठी डॉक्टराशेजारी समाजकार्यकर्त्याने बसले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. गुरुजींनी ते केंद्र कधी पाहिले नव्हते. पण सायकलवरून ते तेच काम करीत होते.

कायद्याची वाटचाल याहून संथ झाली. १९१२ च्या कायद्याचे नावच 'इंडियन ल्यूनसी ॲक्ट' असे होते, आणि त्याचा सारा रोख वेड्यापासून समाजाचे रक्षण करण्यावर होता. तुरुंगांत कोंडलेल्या मुलांसाठी मुंबईच्या पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले. त्यांच्याच दुसऱ्या एका प्रकरणात, १९९३ मध्ये, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात डांबणे बेकायदा व घटनाबाह्य ठरले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागून साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे जळून गेली, तेव्हा देशाची मान खाली गेली.

या दीर्घ वाटचालीच्या शेवटी आलेला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याचे ८७ वे कलम प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे असे आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करावयाचे तर दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे, आणि घरी किंवा गावी राहून त्याच्यावर उपचार होणे शक्य नाही अशी त्यांची खात्री पटली पाहिजे. त्याला प्रौढांपासून वेगळे, त्याच्या वयाला साजेशा वातावरणात ठेवले पाहिजे. पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने दाखल असण्याच्या संपूर्ण काळात त्याच्यासोबत राहिले पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबतीला स्त्री हवी. दाखल केल्याची खबर ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला गेली पाहिजे, आणि मुक्काम तीस दिवसांवर गेला तर त्याचा फेरविचार झालाच पाहिजे. याच कायद्याने माणसाला साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली आहे, आणि विजेच्या झटक्याचा उपचार मुलांवर पालकाच्या संमतीवाचून व मंडळाच्या पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही. हे कलम मी प्रथम वाचले त्या दिवशी मला ती जमिनीवरची सतरंजी आठवली. एका परिचारिकेने नियम मोडून जे केले, तेच आता नियम झाले आहे. कायदे असेच जन्माला येतात: कोणीतरी आधी दयेपोटी वाकडी वाट करतो, आणि पुढे कधीतरी राज्य ती वाट बांधून काढते.

परंतु कलम छापले म्हणजे खाट मिळते असे नाही. सोबत राहणाऱ्या आईची रोजची मजुरी बुडते त्याची सोय, तिच्या जेवणाची सोय, मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांची सोय, यांतले काहीही कलमात नाही. सोबत राहण्याचा हक्क ज्या आईला परवडत नाही, तिच्यासाठी तो कागदावरच राहतो. ही पोकळी भरणे हे सरकारचे जितके काम आहे तितकेच गावाचेही आहे.

येथे मला एका चित्रपटाचा दाखला द्यावासा वाटतो. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेला 'श्वास' २००४ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातील लहानग्या परशुरामचा आजार मनाचा नाही, डोळ्यांचा कर्करोग आहे; जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार आहे. तरी रुग्णालयातील मुलाविषयी त्या चित्रपटाने जे सांगितले ते आपल्या विषयालाही तंतोतंत लागू पडते. होणार काय आहे, ते त्या लहान मुलाला सांगितले पाहिजे, असा त्यातील डॉक्टरांचा आग्रह आहे. ते सांगण्याचे धैर्य त्याच्या आजोबांना होत नाही. आणि शस्त्रक्रियेपूर्वी एक दिवस ते नातवाला कोणालाही न विचारता बाहेर घेऊन जातात, डोळे भरून जग दाखवावयास. रुग्णालयाच्या दृष्टीने तो शिस्तभंग आहे, आजोबाच्या दृष्टीने ते कर्तव्य आहे, आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली रुग्णालयातील समाजकार्यकर्ती दोन्ही बाजूंची भाषा जाणते. मूल लहान आहे म्हणून त्याच्यापासून सत्य लपवावे, आणि मूल आजारी आहे म्हणून त्याला जगापासून लपवावे, या आपल्या दोन जुन्या सवयी. त्या दोन्हींना हा चित्रपट शांतपणे नकार देतो. आमच्या त्या विद्यार्थ्याला 'आपण दवाखान्यात का चाललो आहोत' हे आम्हा तिघांपैकी कोणीही सांगितले नव्हते. आम्ही त्याला 'शहर बघायला जाऊ' असे म्हणालो होतो. त्याने मूठ का आवळली, याचे अर्धे उत्तर त्या असत्यात आहे, आणि त्या असत्याचा मी वाटेकरी आहे.

मग आपल्या हिंगोलीत आपण काय करावे? पहिले, शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाने गप्प झालेल्या मुलाची दखल खोडकर मुलाइतकीच घ्यावी; गप्प मूल वर्गाला त्रास देत नाही, म्हणूनच ते सुटून जाते. दुसरे, ज्या घरात अपमृत्यू झाला त्या घरी सांत्वनास जाताना मुलांपाशीही बसावे, त्यांना त्यांच्या बापाविषयी बोलू द्यावे, विचारतील त्याचे खरे उत्तर द्यावे. तिसरे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १४४१६ या क्रमांकावरची टेली-मानस सेवा यांची माहिती गावच्या पारावर तितकीच सहज सांगितली जावी जितकी हळदीच्या भावाची सांगितली जाते. या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो आणि तो मराठीतही मिळतो. चौथे, मूल मोठ्या रुग्णालयात दाखल होऊन आई सोबत गेली, तर तिच्या पिकाची राखण आणि तिच्या धाकट्यांची भाकर गावाने वाटून घ्यावी. लग्नकार्यात आपण हे करतोच; आजारात का करू नये? आणि पाचवे, परत आलेल्या मुलाला कोणी 'येड्याच्या दवाखान्यातून आला' असे म्हणू नये, एवढी जरब प्रत्येक वडीलधाऱ्याने आपापल्या वाड्यात ठेवावी.

श्रोतेहो, आपण सारे औंढ्याला जाता. नागनाथाचा नंदी देवळाच्या पाठीमागे आहे, हे आपण पाहिले आहे, आणि त्याची कथाही प्रत्येकाने आजीकडून ऐकली आहे. नामदेवराय, आपल्याच नरसीचे, देवळासमोर कीर्तन करीत होते. त्यांना उठवून मागे जावयास सांगितले. ते निमूटपणे मागे गेले आणि तेथे गाऊ लागले. आणि देऊळच फिरले, देवाने आपले तोंड त्यांच्याकडे केले. ही कथा इतिहास आहे की श्रद्धा, या वादात मला पडावयाचे नाही. ज्याला मागे सारले त्याच्याकडे दगडाच्या देवळानेही वळावे, अशी ज्या मातीची कल्पना, त्या मातीला मी एवढेच विचारतो, की मग आपल्या रुग्णालयांनी, शाळांनी आणि ग्रामसभांनी मागे सारलेल्या त्या लेकराकडे वळण्यास एवढा विलंब का लावावा?

तो मुलगा आता चाळिशीकडे झुकला आहे. त्याचा आजार समूळ गेला असे मी सांगणार नाही. पावसाळ्यात काही दिवस तो अजूनही अबोल होतो, तेव्हा घरची माणसे त्याला घेऊन डॉक्टरांकडे जातात, आणि गावात कोणाला त्याचे नवल वाटत नाही. तो स्वतःच्या शेतात हळद लावतो.

रुग्णालयातून परतल्यावर तो प्रथम शाळेत आला ती सकाळ मला आठवते. वर्गात कोणी काही विचारू नये, अशी ताकीद गुरुजींनी आदल्या दिवशीच दिलेली होती. हजेरी सुरू झाली. त्याचे नाव आले, त्याने हळू आवाजात 'हजर' म्हटले, आणि गुरुजींचा हात थांबला. हजर मुलापुढे कारण लिहावयाचे नसते. उभ्या हयातीत त्यांनी ते कधी लिहिले नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि त्या चौकटीत, तशाच बारीक अक्षरात, एक शब्द लिहिला: 'आला'.